अर्धा आटा

दोनशे चाळीस रुपयांचा भोंगा,
नयी सडकवरच्या शकीलकडून आणला.
डबीवर लिहिलेलं: सहा आवाज.
पोलीस, अँब्युलन्स, कसलासा पक्षी,
आणि तीन असे, ज्यांना नाव नाही.
हमी विचारली तर शकील म्हणाला,
"आवाज की गॅरंटी है भाईसाब, गाडी की नहीं."

पहिली गाडी गेली गेल्या पौषात.
चौकीत मुन्शीनं रपट लिहिता लिहिता,
मान वर न करता सांगितलं,
एव्हाना चंबळ ओलांडली असेल.
पलीकडे नंबरप्लेट उरत नाही,
इंजिन ट्यूबवेलला लागतं,
सीट कुणाच्यातरी ओट्यावर उशाला.

ही दुसरी, जुनीच घेतलेली,
लाल म्हणून विकलेली विटकरी.
मी मंडळात मीटर तपासतो.
तारेवर आकडा कुठे टाकतात,
चकतीत केस कसा अडकवतात, सगळं पाठ.
म्हटलं, वायरिंग आपणच करू.

लाल बॅटरीला, काळी सांगाड्याला,
निळी चावीच्या वायरीला. पांढरीचं
काय करायचं ते फक्त चिनीत होतं.
ती टेप गुंडाळून तशीच सोडली.
कुमुद म्हणाली, ज्याचं काम कळत नाही
त्याला घरात असंच गुंडाळून ठेवतात.
मी तिच्याकडे पाहिलं नाही.

अवघड निघाला तो एक बारका स्क्रू.
किती थरथर म्हणजे चोरी, हे तो ठरवतो.
घट्ट केला की दाल बाजाराचा ट्रक चोर,
भदौरियांच्या जिन्यावरून उतरणारी मांजर चोर,
कुकरची तिसरी शिट्टीसुद्धा चोर.
सैल केला, आणि मी स्वतः सीटवर बसून
टाकीवर दोन बुक्क्या घातल्या:
भोंगा गाढ.

मग एका रात्री पावणेचारला,
कानटोपी, मफलर, वरून कुमुदची शाल,
मी आपल्याच गाडीचा चोर झालो.
धुकं असं, की किल्ला तर सोडाच,
समोरचा विजेचा खांब नाही.
हँडल धरून ढकलली,
तसा उठला.
पोलीस. अँब्युलन्स. पक्षी.
चिटणीसांच्या गोठीतली आमची अरुंद गल्ली,
आवाज दोन्ही भिंतींना घासत गेला.

मी मोजत होतो.
तीस.
भदौरियांकडे दिवा लागला.
फौजेतून निवृत्त, लायसनची बंदूक घरात.
मी शालीतून तोंड बाहेर काढून तयार,
की अहो, मी आहे, मी.
चाळीस. दिवा गेला.
साठ. नव्वद.
चौथा आवाज, नाव नसलेला.

धुक्यातून एक सायकल आली,
दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या.
उतरला. सायकल भिंतीला टेकवली.
"का हो गओ, भाईसाब? बंद पर गई?"
आणि मी काही बोलायच्या आत
मागची कडी धरून त्यानं जोर लावला.
भोंगा कोकलतोय, इंडिकेटर लपलपतायत,
आणि आम्ही दोघं गाडी ढकलत चाललोय,
तो मधूनमधून "बस, बस, आ गई" म्हणतोय,
जणू म्हैस नेतोय पाण्यावर.
कोपऱ्यावर सोडून हात झटकले,
पाठीवर थाप मारली माझ्या, आणि गेला.

मी कोपऱ्यावर उभा.
रिमोट घरी, खुंटीवरच्या पँटीत.
गेल्या पौषातही धुकंच होतं.
तेव्हाही कुणीतरी सायकलवरून उतरला असेल,
विचारलं असेल, बंद पडली का,
आणि अशाच भल्या मनानं
कोपऱ्यापर्यंत पोचवली असेल.
कदाचित हाच.

परत आणताना गाडी दुप्पट जड लागली.
सहाव्या आवाजानंतर तो पुन्हा पोलिसापासून सुरू झाला.
दाराशी टॉर्च तोंडात धरून
स्क्रू अर्धा आटा पिळला,
कुठल्या बाजूला, ते आता आठवत नाही.

सकाळी भदौरिया दंतमंजन घासत म्हणाले,
"रात को आपकी गाडी बहुत बोल रही थी."
मी म्हटलं, हो.
बोलते ती.